हर्मगिदोन आणि ६६६

‘प्रकटीकरण’ हे बायबलचे शेवटचे पुस्तक. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलातही ते आहे. त्याचे ग्रीक नाव ‘अपोकालिप्सिस’, म्हणजे पडदा दूर करणे; ‘सर्वनाश’ हा अर्थ पुष्कळ नंतर चिकटला.

या पुस्तकातल्या अखेरच्या लढाईची जागा हर्मगिदोन. हिब्रूत ‘हर’ म्हणजे डोंगर, आणि मगिद्दो हे उत्तर इस्राएलमधले प्राचीन नगर. इ.स.पू. ६०९ मध्ये योशिया राजा तिथेच पडला.

सर्वांत जास्त भीती घातली जाते ती याच पुस्तकातल्या श्वापदाच्या ६६६ या आकड्याची. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकाची किंमत असते. ‘नेरोन कैसर’ लिहून बघा: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६! ‘नेरोन’मधला शेवटचा नून गाळला की ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत नेमका तोच आकडा सापडतो. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या रोमन सम्राट नीरोकडेच हा रोख आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटते.

हिंगोली-वसमतच्या वाचकांनो, मोबाइलवर जगबुडीची तारीख आली तर ती पुढे पाठवू नका. आधी मूळ पुस्तक वाचा.