राखणीचें कुत्रें एकाएकीं निराळें वागूं लागलें तर

बारामती व इंदापूर तालुक्यांत ज्यांची वस्ती मळ्यांत आहे, त्यांस कुत्र्यावांचून रात्र काढणें कठीण. उंसाच्या फडांत कोल्हा वावरतो, कडबनवाडीच्या माळरानांत लांडगा अद्याप आहे, आणि कुत्र्याची त्यांच्याशीं केव्हां झटापट झाली हें धन्यास बहुधा कळतही नाहीं. पुढें महिन्या-दोन महिन्यांनीं, जखम भरून तिचा विसर पडल्यावर, तें कुत्रें एकाएकीं निराळें वागूं लागतें.

पिसाळलेलें कुत्रें म्हणजे अंगावर धांवून येणारें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु या रोगाचें, म्हणजे रेबीजचें, एक मुकें रूपही असतें. आमच्या मतें तेंच अधिक घातक. कारण तें पाहून भीति वाटत नाहीं, कींव येते. कुत्रें कडब्याच्या गंजीआड अंधारांत जाऊन बसतें, हाकेस येत नाहीं, आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो व लाळ गळते. धन्यास वाटतें, घशांत हाड अडकलें. तो मायेनें जबडा फांकवून आंत बोटें घालतो. बोटांवर उंसाच्या पाचटाचे ओरखडे असतातच. विषाणूस तेवढी वाट पुरते.

हा विषाणु मज्जातंतूंच्या वाटेनें सावकाश मेंदूकडे सरकतो, म्हणून चावा व लक्षणें यांत आठवडे किंवा महिने जातात. मेंदूंतून तो लाळेच्या पिंडांत उतरतो, व लक्षणें दिसण्यापूर्वीं कांहीं दिवस लाळ दूषित झालेली असते. पाणी पुढें ठेवून परीक्षा पाहण्याची चाल अगदीं खोटी आहे. पाण्याचें भय हें या रोगानें पछाडलेल्या माणसाचें लक्षण. कुत्रें पाण्यास भीत नाहीं, फक्त घसा लुळा पडल्यामुळें त्यास गिळतां येत नाहीं.

लाळ गाळणारें प्रत्येक कुत्रें पिसाळलेलेंच असतें असें मात्र नव्हे. नाग चावला, फवारणीचें औषध पोटांत गेलें, डिस्टेंपर झाला किंवा खरेंच हाड अडकलें, तरी रूप बरेंचसें असेंच दिसतें. हा भेद धन्यानें अंगणांत उभें राहून करावयाचा नव्हे. तोंडास हात न लावतां कुत्र्यास रिकाम्या खोलींत कोंडावें व पशुवैद्यास बोलवावें. तें कोणास चावलें असेल तर रागानें ठार मारूं नये. चाव्यानंतर दहा दिवस तें धडधाकट राहिलें, तर चावतेवेळीं त्याच्या लाळेंत विषाणु नव्हता असें ठरतें. मात्र या दहा दिवसांची वाट पाहत माणसाची लस लांबवूं नये.

चावा, ओरखडा किंवा जखमेस लागलेली लाळ, यांपैकीं कांहींही असो, ती जागा वाहत्या पाण्याखालीं साबणानें पुरतीं पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकीं कांहीं भरूं नये. मग त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. तेथें लस विनामूल्य मिळते. जखम खोल असल्यास तिच्यांतच सीरमही टोंचावें लागतें. पोटांतील चौदा सुयांच्या धास्तीनें जुनीं माणसें अजून टाळाटाळ करतात. मेंढ्यांच्या मेंदूपासून केलेली ती लस २००५ पर्यंत आपल्या देशांत बंद झाली. आतां दंडांत चार-पांच वेळां टोंचून भागतें. पाश्चर यांनीं १८८५ सालीं पॅरिस येथें पहिल्या मुलास लस दिली, तेव्हांपासून चाव्यानंतरही वेळेवर इलाज करतां येतो. लक्षणें दिसूं लागल्यावर मात्र रोगी वांचणें जवळजवळ अशक्य.

बैल किंवा म्हैस घशांत कांहीं अडकल्यासारखें करून सारखी हंबरूं लागली, तरी हात घालूं नये, व दुभत्या जनावराचें दूध काढूं नये. कुत्र्यास लस तिसऱ्या महिन्यांत टोंचावी व पुढें दरवर्षीं पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें; जावळीं पिलें असल्यास सर्वांस एकदमच न्यावें.