पेटीतले जुने फोटो वाचवा! मोबाईलवर फुकट टेम्प्लेट वापरून बनवा आठवणींचं पान, वाचा सोप्या पायऱ्या

गावाकडच्या बहुतेक घरांत माळ्यावर किंवा पलंगाखाली एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात जमिनीची कागदं, जुने दाखले आणि तळाला प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले फोटो असतात. बैलजोडीसोबत उभे असलेले आजोबा, शाळेचा ग्रुप फोटो, लग्नातली पंगत. कागदपत्रं महत्त्वाची म्हणून वर येतात, फोटो मात्र तळालाच राहतात. ओल लागते, कसर लागते, एकमेकांना चिकटतात.

फोटो खराब होणं हे अर्धं नुकसान. उरलेलं अर्धं म्हणजे, फोटोतली माणसं ओळखणारं घरात एखादंच उरलेलं असतं. आजी आहे तोवर 'हा कोण?' याचं उत्तर मिळतं. नंतर तो फोटो नुसता कागद.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात घरं ढिगाऱ्याखाली गेली, तिथं या पेट्याही गेल्या. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगली भागात घराघरांत पाणी शिरलं, तेव्हाही तेच झालं. त्या काळी दुसरी प्रत ठेवायची म्हटलं तर स्टुडिओत पैसे मोजावे लागत. आता हातात मोबाईल आहे, आणि स्क्रॅपबुकची, म्हणजे आठवणींच्या वहीची, तयार पानं फुकट मिळतात. कसं करायचं ते बघू.

टेम्प्लेट म्हणजे काय?

लग्नपत्रिका छापताना दुकानदार नमुन्यांची वही पुढे ठेवतो. आपण नमुना निवडतो, नावं-तारखा आपल्या घालतो. टेम्प्लेट तेच. पानाची रचना, चौकटी, रंग तयार असतात. चौकटीत आपला फोटो आणि रेघेवर आपला मजकूर टाकायचा. चित्रकला येत नसली तरी चालतं.

अशी टेम्प्लेट देणारी अ‍ॅप बरीच आहेत. कॅनव्हा हे त्यातलं जास्त वापरलं जाणारं. त्यात फुकट खातं उघडता येतं आणि मराठीही लिहिता येतं.

पायरी १ : आधी नावं, मग पान

सगळ्यात आधी पेटी घेऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि एकेक फोटो दाखवत विचारा : कोण, कुठं, कधी, काय निमित्त? साल आठवत नसेल तर खूण विचारा. 'बहात्तरच्या दुष्काळाआधीचा', 'थोरल्याच्या जन्मानंतरचा' एवढंही पुरे.

फोटोच्या मागं नाव लिहायचं तर पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

बायकांची नावं मुद्दाम विचारा. जुन्या फोटोंत 'पाटलांची थोरली सून' एवढीच ओळख सांगितली जाते. तिचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव लिहून ठेवा. पुढच्या पिढीला ते दुसरीकडे कुठं सापडेलच असं नाही.

पायरी २ : जुन्या फोटोचा चांगला फोटो

फोटो ओसरीत, सावलीत, पण भरपूर उजेडात ठेवा. थेट ऊन नको, फ्लॅश नको. फोटो जमिनीवर सपाट ठेवून मोबाईल बरोबर वरून, समांतर धरा. कॅमेऱ्याची काच आधी पुसून घ्या, शेतातल्या धुळीनं फोटो धुरकट येतात.

चकाकी येत असेल तर गूगलचं फोटोस्कॅन हे फुकट अ‍ॅप वापरा. ते एकाच फोटोचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढायला लावतं आणि ते जोडून चकाकी घालवतं.

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर निघून येतो. काचेसकटच फोटो काढा. मागची बाजूही टिपा, स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख बऱ्याचदा तिथंच असते.

पायरी ३ : व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना काळजी

मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडून फोटो मागवताना इथंच चूक होते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो बारीक होतो. पडद्यावर ठीक दिसतो, पण मोठा छापला की फाटल्यासारखा येतो. त्यामुळं फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

हिशोब सोपा आहे. स्वच्छ छपाईला एका इंचात साधारण ३०० ठिपके, म्हणजे पिक्सेल लागतात. ४ बाय ६ इंचाच्या फोटोला १२०० बाय १८०० पिक्सेल हवेत. पूर्ण ए-फोर पानाला २४८० बाय ३५०८.

पायरी ४ : टेम्प्लेट निवडा, फोटो बसवा

अ‍ॅपमध्ये शोधायच्या जागी इंग्रजीत 'स्क्रॅपबुक' किंवा 'फोटो अल्बम' टाका. टाईप करणं जड जात असेल तर कीबोर्डवरच्या माईकवर बोला. छापायचं असेल तर ए-फोर आकाराचंच टेम्प्लेट घ्या. मोबाईलच्या स्टेटससाठीचं उभं टेम्प्लेट कागदावर नीट बसत नाही.

ज्या नमुन्यावर किंवा चित्रावर मुकुटाची खूण आहे, ते पैशाचं. खूण नसलेलं फुकट. पानावर एखादं फूल जरी पैशाचं असलं, तरी डाऊनलोड करताना पैसे मागितले जातात. तेवढं फूल काढून टाकायचं.

नमुन्यातला फोटो निवडून त्या जागी आपला फोटो घाला. डोकं कापलं जात असेल तर फोटोवर दोनदा टिचकी मारून तो सरकवा. एका पानावर ३ ते ५ फोटो पुरेत, आणि एका पानाचा एकच विषय ठेवा : विहिरीचं काम, आत्याचं लग्न, सातवीचा वर्ग.

पायरी ५ : मराठी मजकूर

नमुन्यातली इंग्रजी अक्षरं पुसून मराठी टाकली की कधी कधी अक्षराचं वळण बिघडतं, कारण तो फॉन्ट मराठीसाठी नसतो. तेव्हा मुक्ता, हिंद, बलू असा देवनागरी फॉन्ट निवडा. डीटीपीवाल्याकडचा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर भलतीच अक्षरं उमटतात. तो मोबाईलवर नव्यानं टाईप केलेला बरा.

'गोड आठवणी' असं लिहून जागा भरू नका. 'डावीकडून' असं लिहून ओळीनं नावं द्या, गाव द्या, साल द्या. सोबत आजीनं सांगितलेलं एखादं वाक्य तिच्याच बोलीत घाला. शुद्ध करत बसू नका, ते वाक्य तिच्यासारखंच ऐकू आलं पाहिजे.

पायरी ६ : छपाई

पान 'पीडीएफ प्रिंट' म्हणून उतरवून घ्या. पीडीएफमध्ये अक्षरं आणि फोटो जागेवर राहतात, दुकानातल्या संगणकावर हलत नाहीत. डावीकडे दोन सेंटीमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर बायंडिंगमध्ये चेहरे जातात.

मोबाईलच्या उजळ पडद्यापेक्षा कागदावर रंग गडद येतात. म्हणून आधी एकच पान छापून बघा आणि मग बाकीची ऑर्डर द्या. कागद साध्या झेरॉक्सच्या कागदापेक्षा जाड मागा.

हातानं वही करायची असेल तर रिकामी टेम्प्लेट छापून त्यावर फोटोच्या प्रती चिकटवा. मूळ फोटो चिकटवू नका आणि लॅमिनेशनही करू नका. पिठाची खळ तर नकोच, तिला किडे लागतात.

'फुकट'च्या नावाखाली फसू नका

अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल कोणत्याही नावानं आली तरी उघडू नका. अशा फायलींतून बँक खाती रिकामी केली जातात. टेम्प्लेटसाठी ओटीपी किंवा बँकेची माहिती द्यायची गरजच नसते. 'काही दिवस फुकट' म्हणून ऑटो-पे मंजूर करायला सांगितलं तर थांबा, मुदत संपली की पैसे कापले जातात.

फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन करा.

पान गावच्या ग्रुपवर टाकण्याआधी फोटोतल्या माणसांना विचारा. मागं भिंतीला किंवा टेबलावर आधार, पासबुक दिसत नाही ना, तेही बघा.

शेवटचं काम

तयार पानं आणि मूळ फोटो तीन ठिकाणी ठेवा : मोबाईलमध्ये, पेन ड्राईव्हवर आणि दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. एका घरात पाणी शिरलं तरी दुसरीकडची प्रत राहील.

सगळी पेटी एका दिवसात होणार नाही. आठवड्याला एक पान धरलं तरी वर्षात पन्नासेक पानांची वही होते. टेम्प्लेट उद्याही मिळतील, परवाही मिळतील. आजीला विचारायचं काम मात्र आज संध्याकाळीच सुरू करा.