कुकर माझ्याकडे, शेगडी तुझ्याकडे

लातूरला क्लास करताना रूमवर एकच शेगडी, एकच कुकर. मी कुकर धरून शेगडीची वाट बघतोय, पार्टनर शेगडी अडवून कुकरची. दोघंही उपाशी. हाच डेडलॉक. मग नियम केला: शेगडी मिळाल्याशिवाय कुकरला हात लावायचा नाही.

परवा नांदेडला घरून काम करताना तेच झालं. लिनक्सवर नेटवर्क कार्ड बंद करायची कमांड दिली, ती अडकली ती अडकलीच. किल केलं तरी हलेना. बाकीच्या कार्डांच्या कमांडही गप्प, कारण आरटीएनएल हे लॉक सगळ्यांना मिळून एकच.

कार्ड बंद करणारा कोड आधी आरटीएनएल घ्यायचा, मग ड्रायव्हरचं स्वतःचं म्युटेक्स. कार्ड रीसेट करणारा वर्कर नेमकं उलटं. दोघं एकाच वेळी आले तरच अडकणार, म्हणून टेस्टिंगमध्ये सापडेना. शेवटी लॉकडेप चालू केलं. हे २००६ पासून कर्नलमध्ये आहे. कोणतं लॉक कुणानंतर घेतलं ते लक्षात ठेवतं आणि प्रत्यक्ष अडकायच्या आधीच ओरडतं.

वर्करमध्येही आधी आरटीएनएल घेतलं. खूश! आणि परत अडकलं. बंद करणारा कोड आरटीएनएल धरूनच वर्कर संपायची वाट बघत होता, वर्कर आरटीएनएलची. नुसतं वाट बघणं हेही लॉकसारखंच, हे डोक्यातच आलं नव्हतं बघा.

मग वाट बघायची ती ओळ ड्रायव्हर काढतानाच्या कोडमध्ये नेली, आरटीएनएल सोडल्यानंतर. आणि वर्करला सांगितलं: लॉक मिळालं की आधी कार्ड चालू आहे का बघ, नसेल तर गुपचूप परत फिर.