मोटारसायकलचा दिवा मंद का?

सातारा-सांगली भागात पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन निघणारी राजदूत अनेकांना आठवत असेल. तिची विद्युतव्यवस्था 6 व्होल्टची. समोरची बिनदिव्याची उसाची बैलगाडी वेळेत दिसणे अशाच दिव्यावर अवलंबून असते. तो मंद झाला की आपण बॅटरी बदलतो. दोष मात्र अनेकदा गंजलेल्या जोडात असतो.

बॅटरीवरचा 24 वॅटचा दिवा 6 व्होल्टला 4 अँपिअर धारा घेतो. जोडाचा रोध केवळ 0.15 ओहम असला, तरी तेथे सुमारे 0.6 व्होल्ट खर्ची पडतात. तंतूच्या दिव्याचा प्रकाश विभवांतराच्या साधारण 3.4 व्या घातानुसार बदलतो. म्हणून विभवांतर 10 टक्के घटले की उजेड सुमारे 30 टक्के घटतो! 12 व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटचा दिवा 2 अँपिअर घेतो. त्याच जोडात जेमतेम अडीच टक्के विभवांतर जाते.

दोष कसा शोधावा? दिवा लावून व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या चासीला जोडलेल्या अग्रावर व दुसरी दिव्याच्या धातूच्या टोपीवर टेकवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर अर्थिंगचा जोड घासून घट्ट करा. मग दिवा बंद करून इंजिन वेगाने चालवा. बॅटरीच्या अग्रांवर 7 व्होल्टच्या आसपास मिळाले, तर चार्जिंग ठीक आहे. न मिळाल्यास मॅग्नेटोची गुंडाळी व रेक्टिफायर तपासावा. नाहीतर नवी बॅटरीही लवकरच उतरेल.

ओहमचा नियम शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.