कंबर दुखते, मेंदूला कळते

पाण्याचे हंडे आणि लोकलची गर्दी, दिव्यात कंबर धरली नाही अशी बाई विरळाच. एक्स-रे साफ आला की घरचे म्हणतात, "नाटक करते."

नाटक नाही हो. ३ महिन्यांपुढे टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात आणि त्यात मेंदूचाही वाटा असतो. अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वानिया अपकेरियन यांच्या गटाने नव्यानेच कंबर धरलेल्यांच्या मेंदूची एमआरआयने वर्षभर तपासणी केली. २०१२ मध्ये त्यांनी सांगितले, दुखणे कुणाचे टिकेल याची खूण मेंदूच्या दोन भागांच्या जोडणीत सुरुवातीलाच दिसते.

पण एका ठिकाणचे रुग्ण थोडेच. म्हणून नावे काढून ही चित्रे 'ओपनपेन' या खुल्या साठ्यात ठेवली. आपण गटात थोडे थोडे जमवून मोठी रक्कम उभी करतो, तसेच. आता दुसऱ्या देशातला अभ्यासकही ती तपासून खरे-खोटे पाहू शकतो.

याचा अर्थ, मेंदूचा एमआरआय काढायला धावू नका. त्यात तुमचे दुखणे मोजता येत नाही. दुखते म्हणणारीवर आधी विश्वास ठेवा. पाय बधिर झाला किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.