डोंग्यासाठी बांबूचा मांडव

एटापल्ली तालुक्यात पावसाळा सुरू झाला की बांडिया नदी व तिला मिळणारे नाले भरून वाहू लागतात. जेथे पूल नाही तेथे पैलतीरावरील गावाला बाजार, शाळा व दवाखाना गाठण्यास डोंग्याचाच आधार असतो. लाकडी डोंगा एका मोठ्या बुंध्यातून कोरून काढावा लागतो आणि तेवढा जाड बुंधा आता सहजासहजी मिळत नाही. म्हणून असलेला डोंगा अधिक वर्षे टिकविणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

डोंग्याची हानी पुरात होते, असा समज आहे. वस्तुतः बरीचशी हानी तो काठावर पडून असताना होते. वैशाखाच्या उन्हाने लाकूड तडकते, अवकाळी पावसाचे पाणी आत साचते आणि जमिनीतून वाळवी चढते. पूर्ण बुडालेले लाकूड हवेअभावी व पूर्ण सुकलेले लाकूड ओलीअभावी सहसा कुजत नाही. ओल व हवा दोन्ही मिळाल्या की मात्र बुरशी वाढते.

नदीकाठच्या एका गावी प्रस्तुत लेखकास ताडपत्रीने झाकलेला डोंगा दिसला. ताडपत्री थेट काठांवर पसरलेली होती. मध्ये खोलगट भागात पाणी साचले होते आणि आतील लाकूड कोंदट ओलीने मऊ पडले होते. मालकाने काळजी घेतली होती. उणीव होती ती फक्त उताराची व वाऱ्याची. ही उणीव बांबूचा साधा मांडव भरून काढतो.

साहित्य : अठरा फूट लांब व अडीच फूट रुंद डोंग्यासाठी आठ फुटी चौदा वासे, वीस फुटी एक आढे, बाजूंसाठी कमच्या, काथ्याची दोरी आणि २० × १२ फुटांची ताडपत्री पुरते. बांबू तीन वर्षांहून जुना व दिवाळीनंतर तोडलेला असावा. दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून मग सावलीत वाळविल्यास त्यातील पिष्ट कमी होते व भुंगेरा कमी लागतो. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे बांबू हे गौण वनोपज आहे. तो ग्रामसभेच्या नियमानुसारच आणावा.

कृती : पुराच्या खुणेहून उंच जागा निवडावी. डोंगा दगडांवर ठेवलेल्या दोन ओंडक्यांवर, जमिनीपासून फूटभर उंच ठेवावा. दोन्ही बाजूंस, डोंग्याच्या मध्यरेषेपासून साडेतीन फुटांवर, दर तीन फुटांनी वासे एक फूट खोल रोवावेत. समोरासमोरचे वासे शेंड्याशी कैचीप्रमाणे बांधून त्यांवर आढे ठेवावे. आढ्याची उंची जमिनीपासून साडेपाच फूट असावी, म्हणजे वासे डोंग्याच्या काठांना टेकत नाहीत. दोन्ही उतारांवर कमच्या आडव्या बांधाव्यात. खिळे मारू नयेत. त्यांनी बांबू चिरतो. वाशांची टोके जुन्या कापडाने गुंडाळावीत, नाहीतर ताडपत्री फाटते.

ताडपत्री आढ्यावरून सोडून तिच्या खालच्या कडा बांबूला गुंडाळून बांधाव्यात. कडा जमिनीपासून वीतभर वर राहाव्यात व दोन्ही टोके उघडी ठेवावीत. तेथून वारा खेळता राहतो. दर पंधरवड्यास ओंडके व वासे पाहून वाळवीचे मातीचे पापुद्रे खरवडून टाकावेत.

हीच ताडपत्री धानकापणीनंतर पुंजण्यावर घालता येते; म्हणून तिचा खर्च केवळ डोंग्यावर पडत नाही.

मृगापूर्वी मांडव उतरवून डोंगा आतून तपासावा. चाकूचे टोक सहज रुतेल अशी जागा आढळल्यास दुरुस्ती झाल्यावाचून त्यात माणसे बसवू नयेत. ग्रामसेवकांनी माघ-फाल्गुनात एका तरी गावी असा मांडव सर्वांसमक्ष उभारून दाखवावा. एका दिवसाच्या या श्रमावर भर पावसात एखाद्या आजाऱ्याचे दवाखान्यात पोहोचणे अवलंबून असू शकते.