सोयाबीनचं मेण : एका ओट्यावरच्या प्रयोगांची नोंद

यंदाच्या संक्रांतीनंतर आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या दहाजणी घरी आल्या. त्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. घरच्या घरी सोयाबीनच्या मेणाच्या सुगंधी मेणबत्त्या करा आणि शहरात विका, असा त्याचा सारांश. गटाच्या शिलकीतले चाळीस हजार रुपये त्यात घालायचे की नाही, यावर त्यांच्यात दोन तट पडले होते. "भाऊ, तुमी एवढी पुस्तकं वाचता, हे होते का नाई ते सांगा बरं," असं म्हणून त्यांनी ते लोढणं माझ्या गळ्यात टाकलं.

माझं शिक्षण बारावीनंतर सुटलं. रसायनशास्त्र मी शिकलो ते जुन्या बाजारातल्या पुस्तकांतून. जुने तेलघाणे आणि दिवे यांच्या नोंदी करण्याचा छंद आहे, एवढंच. मेणबत्ती मात्र आयुष्यात कधी केलेली नव्हती. पण दुसऱ्यांचे चाळीस हजार म्हणजे गंमत नव्हे. म्हणून म्हटलं, आधी मी करून पाहतो, मग बोलतो.

वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातलं शेगावच्या वाटेवरचं बाजाराचं गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा. खरिपात इथे मुख्यतः कपाशी आणि सोयाबीन. मेणबत्तीला लागतात दोनच गोष्टी, जळायला स्निग्ध पदार्थ आणि तो वर ओढायला सुती वात. दोन्ही माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर उगवतात. तरीही पाच किलो मेण आणि वातीची गुंडाळी कुरिअरने आली. पिशवीवर ते कुठल्या देशातल्या सोयाबीनचं, हे लिहिलेलं नव्हतं.

मुळात हे मेणच नव्हे. मेण म्हणजे मधमाशीचं. आग्या मोहोळाचं असो की सातेरीचं, रसायनशास्त्राच्या भाषेत ते स्निग्धाम्ल आणि लांब साखळीचं अल्कोहोल यांचं संयुग असतं, आणि साठीच्या पुढे दोन-चार अंशांवर वितळतं. दुकानात मिळणारी पांढरी मेणबत्ती पॅराफिनची असते. ते खनिज तेलातून निघतं. निव्वळ कार्बन आणि हायड्रोजन. सोयाबीनचं मेण हे या दोहोंपैकी काहीच नाही. ते थिजवलेलं गोडं तेल आहे. अधिक स्पष्ट सांगायचं तर ते आपल्या वनस्पती तुपाचा थोरला, कडक भाऊ आहे.

तेल पातळ का असतं? त्यातल्या स्निग्धाम्लांच्या साखळ्या जागोजागी वाकलेल्या असतात म्हणून. सरळ काड्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्या फांद्यांची येत नाही, तसंच हे. निकेलच्या सान्निध्यात, उष्णता आणि दाब देऊन तेलात हायड्रोजन सोडला की त्या साखळ्या सरळ होतात आणि तेल गोठतं. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९०२ साली याचं पेटंट घेतलं. त्यातूनच वनस्पती तुपाचे कारखाने निघाले आणि डालडा हा शब्द मराठी घरांत आला. सोयाबीन तेलाला हीच क्रिया देऊन मेणबत्तीजोगा पदार्थ केला तो १९९०च्या दशकात, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात. तिथे सोयाबीनचे डोंगर उभे होते आणि तेलाला नवं गिऱ्हाईक हवं होतं. आमच्याकडेही सोयाबीनचे ढीग लागतात. पण दाबाखालचा हायड्रोजन पातेल्यात सोडता येत नाही. हे काम मोठ्या कारखान्याचंच. म्हणजे मेण विकतच घ्यावं लागणार, ही पहिली गोष्ट मी वहीत लिहिली.

आता प्रयोगांकडे. पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून मेण वितळवलं. उघड्या आचेवर ते कधीही ठेवू नये. फार तापलं तर पेट घेतं, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं तर भडका उडतो. तेव्हा फक्त झाकण घालावं. दोनशे ग्रॅम मेणात मोगऱ्याचं सुगंधी तेल घातलं, ढवळलं आणि काचेच्या ग्लासात ओतलं. सकाळी पाहिलं तर वातीभोवती खड्डा, काचेला आतून पांढरे चट्टे आणि वरती बुरशीसारखी फुलं. पेटवली तर वास शून्य. वासासाठी पुढच्या खेपेला सुगंध दुप्पट केला. मग तेल वर तरंगलं, वात तडतडली, काजळी धरली आणि तासाभरात विझली. सोळा ग्रॅम पुरेसं होतं तिथे मी तीस ओतले होते.

हे चट्टे म्हणजे काय, ते मला शेजारच्या मावशींनी सांगितलं. त्यांनी ग्लास उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हे त तुपावानी रवाळ झालं. लवकर थंड केलं का?" त्यांचं अर्धं बरोबर होतं. कढवलेलं तूप सावकाश निवलं की रवा धरतं, कारण त्यातल्या स्निग्धांशाला स्फटिक व्हायला सवड मिळते. सोयाबीनचं मेणही स्निग्धांशच, तेव्हा तेही रवा धरतं. आणि एकदा गोठल्यावरही त्याचे स्फटिक दिवसेंदिवस आपली मांडणी बदलत राहतात. ते थांबवता येत नाही, कमी करता येतं. मी ग्लास आधी कोमट करून घेतले, मेण पंचावन्न अंशांवर आल्यावर ओतलं आणि पंखा बंद ठेवला. खड्डे गेले, चट्टे निम्म्यावर आले. या दोषाने ज्योतीला काही होत नाही, पण गिऱ्हाईक ग्लास हातात घेतं ते डोळ्यांनीच.

वासाचं कोडं सुटायला महिना गेला. मेणबत्तीचा वास ज्योतीतून येत नाही. ज्योतीत गेलेला सुगंध जळून जातो. वास येतो तो ज्योतीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून. तळं ग्लासाच्या काठापर्यंत पोचलं तर वास खोलीभर, नाही पोचलं तर नुसता उजेड. माझी वात ग्लासाच्या मानाने बारीक होती. ज्योत सरळ खाली विहीर खणत जायची आणि कडेचं मेण तसंच उभं राहायचं. शिवाय घाई. एकाच घाण्यातल्या दोन मेणबत्त्या मी दुसऱ्या आणि चौदाव्या दिवशी पेटवल्या. दुसऱ्या दिवशीची मुकी होती, चौदाव्या दिवशीचा मोगरा ओसरीपर्यंत आला. लोणचं मुरतं तसंच हेही मुरावं लागतं. प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माल काढू म्हणणाऱ्यांसाठी ही लहान बाब नाही.

वात मात्र इथे होऊ शकते का, हा माझा हट्ट होता. आधी समईसाठी वळतो तशी वात लावली. समईत ती तेलात आडवी पडून असते, तिला उभं राहावं लागत नाही. मेणबत्तीत खालचं मेण वितळताच ती मान टाकते आणि बुडते. शिवाय वळलेल्या वातीचा जळका शेंडा तसाच राहतो; म्हणून पूर्वी मेणबत्तीशेजारी वात कातरायची कात्री ठेवत. फ्रान्समधल्या कांबासेरेस याने १८२५ साली वेणीची वात काढली तेव्हा ही कटकट गेली. वेणीचे पदर एका बाजूला ओढ घेतात, त्यामुळे शेंडा वाकून ज्योतीच्या बाहेरच्या, अधिक तापलेल्या भागात जातो आणि आपला आपण जळून जातो. वेणी घालणं आमच्या गल्लीत कुणाला शिकवावं लागणार होतं? सुती दोऱ्याची तीनपदरी वेणी घातली, मीठ आणि टाकणखाराच्या पाण्यात रात्रभर भिजवली, वाळवून वितळलेल्या मेणात बुचकळली आणि ताणून सुकवली. सात जाडींच्या वाती केल्या. त्यांतली चौथी आमच्या ग्लासाला चपखल बसली. विकतच्या वातीपेक्षा ती कमी नव्हती, हे मी जरा अभिमानाने लिहितो.

एप्रिलमध्ये मेण संपलं. दुसऱ्या विक्रेत्याकडून स्वस्त मिळालं ते मागवलं. पिशवीवर शंभर टक्के सोया. त्याच्या मेणबत्त्या पहिल्याच झटक्यात गुळगुळीत निघाल्या. चट्टा नाही, रवा नाही. सगळ्यांना आनंद झाला, मला संशय आला. जे तूप कधीच रवा धरत नाही त्याच्याकडे आपण जसं पाहतो, तसं मी त्याच्याकडे पाहिलं.

इथे एक आडवळण घेतो. वनस्पती तुपाची भेसळ साजूक तुपात ओळखू यावी म्हणून आपल्या कायद्याने वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं होतं. तिळाच्या तेलाला साखर आणि तीव्र आम्लाच्या कसोटीत गुलाबी रंग येतो. तुपाला तो आला की चोरी पकडली. मेणासाठी असा पहारेकरी कुणी ठेवलेला नाही. पण स्निग्धांश आणि पॅराफिन यांच्यात एक मूळचा भेद आहे. स्निग्धांश कॉस्टिक सोड्यात शिजवला की त्याचा साबण होतो. पॅराफिनचा काही केल्या होत नाही.

मग अंगणात, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालून, तीन डब्यांत प्रत्येकी वीस ग्रॅम शिजवलं. एकात वनस्पती तूप, एकात दुकानची पांढरी मेणबत्ती, एकात ते शंभर टक्के सोया. साबण लवकर व्हावा म्हणून थोडा स्पिरिट घातला. तो पेट घेतो, त्यामुळे विस्तवाऐवजी कढत पाण्यात डबे ठेवले. वनस्पती पूर्ण विरघळून साबण झाली. पांढरी मेणबत्ती जशी होती तशी वर तरंगली. तिसऱ्या डब्यात साबणही झाला आणि वर एक पापुद्राही आला. तो धुऊन, वाळवून तोलला तर सहा ग्रॅम भरला. पुन्हा केलं, जास्त वेळ शिजवलं, तरी पापुद्रा तेवढाच. पहिल्या विक्रेत्याच्या मेणाचा चुरा डब्याच्या तळाशी शिल्लक होता. त्याचा संपूर्ण साबण झाला. ही अंगणातली तपासणी आहे, प्रयोगशाळेतली नव्हे. पण त्यावर भरवसा ठेवून गटाला मी सांगितलं, की यात साबण न होणारा भाग तीस टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तो बहुधा पॅराफिनचा आहे.

पॅराफिन म्हणजे विष, असं मी म्हणत नाही. सोयाबीनची मेणबत्ती काजळी धरत नाही ही जाहिरातही मला पटलेली नाही. ज्योतीचा पिवळा रंग हाच मुळी तापून लाल झालेल्या कार्बनच्या कणांचा. मायकेल फॅरेडेने लंडनमधल्या मुलांना मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यांतही हे आहे. वात लांब ठेवली आणि वारा लागला की कोणतीही मेणबत्ती काळं ओकते. प्रश्न विषाचा नसून नावाचा आहे. सोयाबीनच्या गावातून सोयाबीन म्हणून विकायचं आणि आत खनिज तेलाचा पदार्थ घालायचा, हे गटातल्या बायकांच्या नावावर जाणार होतं.

मे महिन्याने उरलेला निकाल लावला. ग्लासातल्या मेणबत्तीचं सोयाबीनचं मेण पंचेचाळीस ते पन्नास अंशांच्या आसपास वितळतं. आमच्याकडे उन्हाळ्यात सावलीतला पारा पंचेचाळिसाला टेकतो, टिनाच्या छपराखालची फळी त्याहून तापते. शुद्ध मेणाच्या मेणबत्त्या मलूल झाल्या, वर सुगंधी तेलाचे थेंब घामासारखे आले. मिश्र मेणाच्या मात्र ताठ उभ्या राहिल्या. हे पाहून मला हसावं की चिडावं ते कळेना. ज्यांनी मिसळलं त्यांना बहुधा आमचा उन्हाळा ठाऊक असावा.

हिशेब असा निघाला. दीडशे ग्रॅमच्या एका मेणबत्तीला मेण ४८ रुपये, सुगंध २५, काचेचा ग्लास ३५, खोका १५, विकतची वात ६. एकूण १२९. यात गॅस नाही, मजुरी नाही, फुटलेले ग्लास नाहीत. तशीच मेणबत्ती मोबाइलवर दीड-दोनशेला घरपोच मिळते. आता उलटी बाजू. सोयाबीनमध्ये तेल साधारण अठरा टक्के; म्हणजे दीडशे ग्रॅम मेणामागे आठशे-सव्वाआठशे ग्रॅम दाणे. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि माझ्या ओळखीतल्या कुणाचा माल बेचाळिसशेच्या वर गेला नाही. त्या भावाने ते दाणे पस्तीस रुपयांचे. त्यातही गाळपानंतर उरलेली ढेप वेगळी विकली जाते, तेव्हा तेलाच्या वाट्याला त्याहून कमी. ग्लास आणि सोयाबीन यांची किंमत सारखी आहे, हे वाक्य मी गटाच्या बैठकीत वाचलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या.

मग मावशी म्हणाल्या, "काहून एवढं? आमी त दर श्रावणात वनस्पती पातळ करतो, साच्यात फुलवाती उभ्या करून ओततो, गोठल्या की डब्यात भरतो. निरांजनात ठेवली की झालं. हे तेच नाई का?"

तेच होतं. थिजवलेल्या वनस्पती तेलात उभी केलेली सुती वात, पेटवायला पसरट भांडं. चार महिने थर्मामीटर घेऊन मी जिथे पोचलो, तिथे त्या कितीतरी वर्षांपासून बसलेल्या होत्या. मेणबत्तीला काच लागते, कारण ती विकतच्या भांड्यात राहते. फुलवातीला घरातलं निरांजन पुरतं. उन्हाळ्यात तीही वितळते, पण तिचा हंगाम श्रावण ते कार्तिक, आणि ती मुरावी लागत नाही.

गटाने आषाढात चाळीसऐवजी सहा हजार रुपये घातले. त्यातून फुलवाती, आणि वेणीच्या वातींची लडी. ती दोन शहरांतल्या मेणबत्ती करणाऱ्यांना नमुना म्हणून पाठवली. एकाने वीस मीटर मागवली आहे, दुसऱ्याचं उत्तर नाही. सुगंधी मेणबत्त्यांच्या बाजूच्या तिघी अजून माझ्यावर नाराज आहेत. त्यांतल्या एकीने उरलेलं दीड किलो मेण माझ्याकडून विकत नेलं, शुद्ध आहे की मिश्र हे विचारून, मिश्रच हवं म्हणून.